माणूस आणि चिंपांझीचा डीएनए ९९ टक्के सारखा, पण त्यावरून नातं कसं ठरतं?

द्राक्षवाला_दिंडोरी

मंडळी, प्रश्न मुलीचा आहे, पण अडकलोय मी.

पोरगी दहावीला. विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. गणपतीत इंदिरानगरहून माझे मेव्हणे सहकुटुंब मळ्यात आले होते. आरती झाली, मोदक झाले, आणि पोरीनं मामाला ऐकवलं की माणसाचा आणि चिंपांझीचा डीएनए जवळजवळ ९९ टक्के सारखा आहे, म्हणजे आपले पूर्वज एकच. मेव्हणे बांधकामाच्या धंद्यातले. मोदकावर तूप ओतत म्हणाले, "अगं, एकाच गवंड्यानं दोन बंगले बांधले तर जिना सारखाच निघणार. म्हणून काय एक बंगला दुसऱ्याचा चुलतभाऊ झाला?"

सगळे हसले. पोरगी ताटावरून उठली.

खरं सांगतो, मलाही मेव्हण्यांचं म्हणणं पटलं. वीट तीच, सिमेंट तेच, कामही तेच, मग बनावट सारखी असणारच. सारखेपणावरून नातं कसं सिद्ध होतं? "पुस्तकात आहे, पाठ कर" असं सांगून पाहिलं, पण ती ऐकणाऱ्यातली नाही.

देव आहे की नाही यावर इथे भांडू नका, हात जोडतो. गोडी छाटणी पंधरवड्यावर आलीय, तेवढा वेळ नाही माझ्याकडे.

---

सातपूरचा_फिटर

मेव्हण्यांना एवढंच विचारा, दोन्ही बंगल्यांत गळती पण त्याच कोपऱ्यात कशी काय?

---

जेलवाली

फिटरभाऊ गमतीत बोलून गेले, पण सगळा मुद्दा त्या एका ओळीत आहे.

आधी नावाचा खुलासा. जेल म्हणजे नाशिकरोडचं नव्हे. डीएनएचे तुकडे ज्या जेलीसारख्या थरातून वीज लावून पळवतात, ते जेल. मी निफाडची, वडिलांची बाग होती, आणि गेली अकरा वर्षं नाशकात एका प्रयोगशाळेत रोपांचे नमुने तपासते.

दादा, मेव्हण्यांचं अर्धं बरोबर आहे. नुसत्या टक्क्यांवरून नातं ठरत नाही. तो ९९ चा आकडाही जपून वापरायचा. २००५ मध्ये चिंपांझीचा जीनोम, म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला त्याचा अख्खा डीएनए, प्रसिद्ध झाला, तेव्हा ओळीला ओळ लावून पाहिल्यावर सुट्या अक्षरांतला फरक १.२३ टक्के निघाला. मधेच घुसलेले आणि गळालेले तुकडे धरले की फरक वाढतो. म्हणून मी तरी टक्केवारीवर वाद घालत नाही.

माझी फजिती सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. तीन बागांचे नमुने, एक पिंपळगावचा, एक चांदवडचा, एक कळवणचा. जेल दिव्याखाली धरलं की डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात. तिन्हींत एक फिकी पट्टी, जिथे काहीच दिसायला नको तिथे. साहेब म्हणाले, तिघांच्या बागेत एकच भानगड कशी? दोन दिवस डोकं खाजवलं. मग माझीच वही उघडली. तिन्ही मिश्रणं एकाच दुपारी, एकाच बाटलीतलं पाणी घेऊन केलेली, आणि त्या पाण्यात आधीच्या कुठल्यातरी नमुन्याचा थेंब पडलेला. बाटली माझ्याच हातातली, दोष कुणाला देणार?

त्या दिवशी जे शिकले ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिन्ही नमुन्यांत *हवी ती* पट्टी सारखी होती, त्यावरून काहीच कळत नव्हतं. ती तिथे असायला प्रत्येकाचं स्वतःचं कारण होतं. पण *नको ती* पट्टी, नको त्या जागी, तिन्हींत सारखी दिसली तेव्हा उगम एकच असणार हे कळलं. सोय सारखी असेल तर गवंडी एक असू शकतो. खोट सारखी असेल आणि तीही त्याच जागी, तर नक्कल एकाच ठिकाणाहून झालीय.

आता तुमच्या बागेत येऊ. जंगली द्राक्ष काळं असतं. पांढरं द्राक्ष, म्हणजे ग्राहक ज्याला हिरवं म्हणतात ते, हा काळ्यातला बिघाड आहे. सालीत रंग तयार करा असा हुकूम सोडणारं एक जीन असतं. त्याच्या तोंडाशीच सुमारे दहा हजार अक्षरांचा एक भटका डीएनए येऊन बसलाय. असे तुकडे जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारत असतात. हा नेमका दारात बसला, हुकूम सुटायचा बंद झाला, द्राक्ष पांढरं राहिलं. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये हे दाखवलं. पुढे जगभरचे वाण तपासले गेले, आणि जवळजवळ सगळ्या पांढऱ्या वाणांत तोच तुकडा त्याच जागी निघाला. तुमचं थॉमसन त्यात आलं, आणि थॉमसनच्याच काड्यांतून निवडलेले सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन हेही आले. द्राक्षाचा जीनोम सुमारे ५० कोटी अक्षरांचा. बसायला एवढं मोठं रान मोकळं असताना प्रत्येक वाणात तो स्वतंत्रपणे येऊन त्याच उंबऱ्यावर बसला, असं कुणी म्हणेल का? एकदाच बसला. पुढचं सगळं कलमांनी आणि बियांनी पसरलं.

आणखी एक, कारण हे मला फार आवडतं. इटालिया नावाच्या पांढऱ्या वाणाच्या वेलीवर एकदा लाल घड लागले. ती फांदी वाढवून रुबी ओकुयामा हा वाण निघाला. डीएनएत पाहिलं तर भटका तुकडा बहुतेक निघून गेलेला, पण जाताना आपलं शेपूट तिथेच सोडून गेलेला. घड लाल, आणि एकेकाळी पांढरे होतो याची खूण पोटात.

आपल्याकडे वाइनसाठी काबर्ने सोव्हिन्याँ लावतात. तिचे आईबाप कोण हे कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नव्हतं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डीएनएच्या खुणा जुळवल्या तेव्हा कळलं, एक काळं काबर्ने फ्राँ आणि दुसरं पांढरं सोव्हिन्याँ ब्लाँ. काबर्ने सोव्हिन्याँ दिसते काळी, पण पांढऱ्या पालकाकडून आलेली ती बिघडलेली प्रत तिच्याकडेही आहे. दुसरी प्रत चांगली, म्हणून दिसत नाही एवढंच.

इथपर्यंत मेव्हण्यांना काही खटकणार नाही. द्राक्षाचं नातं असं ठरवलेलं सगळ्यांना चालतं. आता हीच कसोटी माणसाला लावा.

तुमची गाय, शेळी, राखणीचं कुत्रं, कुणीच लिंबू मागत नाही. क जीवनसत्त्व त्यांच्या यकृतात तयार होतं. त्यातल्या शेवटच्या पायरीचं जीन आपल्याकडेही आहे, आठव्या गुणसूत्रावर. पण मोडलेलं. बरेच तुकडे गळालेत, उरलेल्यांत चुका साचल्यात. म्हणून आपल्याला आवळा-पेरू खावा लागतो, नाहीतर स्कर्व्ही. चिंपांझीचं हेच जीन मोडलेलं, ओरांगउटानचं मोडलेलं, मकाक माकडाचंही मोडलेलं. म्हणजे सप्तशृंगी गडावर जे माकड तुमच्या हातातला प्रसाद पळवतं, त्यालाही फळाशिवाय गत्यंतर नाही. त्या जीनच्या उरलेल्या एका तुकड्यात एक अक्षर गळालंय, आणि माणसासकट या चौघांतही ते नेमकं त्याच जागी गळालंय.

गवंडी तोच, मान्य. पण तो प्रत्येक बंगल्यात मोडका नळ बसवतो, आणि तोही त्याच आट्यावर मोडलेला?

---

द्राक्षवाला_दिंडोरी

ताई, रात्री सगळं पोरीला वाचून दाखवलं. भटका तुकडा तिला फार आवडला, "पप्पा, आपली सगळी बागच बिघडलेली आहे" म्हणून हसत होती. मेव्हण्यांनाही पाठवलं. त्यांनी साइटवर उभ्या उभ्या मोबाइलवर शोधलं आणि दोन बाण सोडले.

एक, गिनीपिगलाही क जीवनसत्त्व करता येत नाही. मग गिनीपिग आमचा सख्खा का? दोन, आज मोडकं म्हणताय, उद्या त्याचाच काही उपयोग सापडला तर?

---

जेलवाली

मेव्हणे हुशार आहेत. गिनीपिगचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

नळ "मोडलाय" एवढंच पाहिलं तर मेव्हणे जिंकले. पण बघायचं असतं ते कुठे मोडलाय. गिनीपिगच्या जीनमधून गळालेले भाग वेगळे आहेत. काही वटवाघळांतही हे जीन निकामी झालंय, तेही आपापल्या परीनं. उंदीर गिनीपिगला आपल्यापेक्षा कितीतरी जवळचा, आणि तो क जीवनसत्त्व मजेत तयार करतो. म्हणजे गिनीपिगच्या घराण्यात हा बिघाड नंतर आणि निराळा झाला. आपल्या बाजूला लेमूर बघा. माकडांच्या घराण्यातली ही फार आधी वेगळी झालेली फांदी, आणि बहुतेक लेमूरांत जीन शाबूत आहे. फांदी कुठे फुटली आणि नळ कधी मोडला, याचा क्रम जुळतो.

द्राक्षातही असंच. ऑस्ट्रेलियात काबर्ने सोव्हिन्याँच्या वेलीवर फिके आणि पांढरे घड लागले होते. तिथे नवा भटका तुकडा येऊन बसला नव्हता, जी एक चांगली प्रत होती तीच गळून गेली होती. रंग गेला तो गेलाच, पण गेलेला मार्ग निराळा. प्रयोगशाळेत आम्ही रंग बघत नाही, जागा बघतो.

दुसरा बाण. उपयोग सापडला तर सापडू दे, मला आनंदच होईल. माझ्या त्या तीन नमुन्यांतली नको ती पट्टी पुढे कुणाच्या कामी आली असती, तरी ती एकाच बाटलीतून आली होती हे थोडंच बदललं असतं?

आणि ही एकच खूण असती तर मीही मान हलवली नसती. विषाणूंचंच घ्या. काही विषाणू आपला मजकूर यजमानाच्या डीएनएत खुपसतात, आणि तो बीजपेशीत गेला तर पुढच्या पिढ्यांना वारसा म्हणून मिळतो. माणसाच्या जीनोमचा सुमारे आठ टक्के भाग हा असल्या जुन्या विषाणूंचा मलबा आहे. एकूण अक्षरं तीनशे कोटींच्या वर, आणि तरी त्यातले बहुतेक तुकडे चिंपांझीत त्याच पत्त्यावर सापडतात.

---

निवृत्त_मास्तर_पंचवटी

मी मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञानाचा अधिकार नाही. पण जेलवालीबाईंचं वाचून त्र्यंबकची वही आठवली.

आमच्या घराण्याची वंशावळ तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वहीत आहे. वडिलांचं करायला गेलो तेव्हा पाहिली. वही जीर्ण झाली की मजकूर नव्या वहीत उतरवतात. आमच्या खापरपणजोबांचं नाव गोपाळ, पण वहीत "गोपळ" आहे, काना राहून गेलाय. त्यांच्याकडे कामं वाटली गेली तेव्हा आमच्या चुलत शाखेची वही दुसऱ्या घरात गेली. मुद्दाम तिथे जाऊन पाहिलं, तर तिथेही "गोपळ". दोन घरांतल्या दोन लेखकांनी एकच काना विसरावा? नाही, विसरणारा एकच, त्याच्या वहीतून दोघांनी उतरवलं. बाईंच्या पाण्याच्या बाटलीचीच ही गोष्ट, नाही का?

आता माझी शंका. नातीच्या पुस्तकात वाचलं की माणसाची गुणसूत्रं ४६ आणि चिंपांझीची ४८. पूर्वज एक तर मग अख्खी एक जोडी गेली कुठे? काना राहणं समजू शकतो, इथे तर वहीच गहाळ झाली म्हणायची.

---

जेलवाली

गुरुजी, "गोपळ" मी उद्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगणार आहे.

वही गहाळ नाही झाली. दोन वह्या एकत्र शिवल्या गेल्या.

गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना वहीच्या पुठ्ठ्यासारखं संरक्षण असतं. टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं तिथे पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा येतात. पुठ्ठ्याची जागा टोकाला. पण आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्राच्या जवळजवळ मध्यावर हीच अक्षरं सापडतात. एका बाजूनं सुलट येत जातात आणि एका ठिकाणापासून एकदम उलट होतात. दोन पुठ्ठे पाठीला पाठ लावून. जाड वही उघडावी आणि मध्यावर दोन मलपृष्ठं चिकटलेली निघावीत, तसं. १९९१ मध्ये हा सांधा अक्षरं वाचून दाखवला गेला. त्यातली काही अक्षरं आता झिजलीत, पण ओळखू येतात.

शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक गाठ असते, पेशी दुभागताना धरून ओढायला. आपल्या दोन नंबरला एक चालू गाठ आहे, आणि दुसरीकडे एका बंद पडलेल्या गाठीचे अवशेष. चिंपांझीत हा सगळा मजकूर दोन वेगळ्या गुणसूत्रांवर त्याच क्रमानं आहे. गोरिला आणि ओरांगउटानचीही गुणसूत्रं ४८ च, म्हणजे शिवण आपल्या घराण्यात पडली.

लोक हा पुरावा सगळ्यात आधी सांगतात. मला स्वतःला क जीवनसत्त्वाचा जास्त भक्कम वाटतो. शिवण फक्त आपल्याकडे आहे, दोघांत सामायिक नाही. तिनं "एक जोडी कुठे गेली" या आक्षेपाचं उत्तर मिळतं, चोख मिळतं. पण "गोपळ"ची ताकद तिच्यात नाही.

---

बाळू_निफाड

ताई, गावाकडच्या माणसाचा एक प्रश्न घ्या. द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर आम्ही एक औषध मारायचो, आधी दोन फवारण्यांत पान कोरडं व्हायचं. आता तेच मारलं तर पाणी मारल्यासारखं. दुकानदार म्हणतो, रोगानं रूप बदललं. ही पण उत्क्रांतीच का?

---

जेलवाली

हो बाळूदादा, ती अगदी डोळ्यांसमोरची. तुमच्या बागेत नेमकं काय झालंय ते नमुना तपासल्याशिवाय सांगणार नाही, पण डाऊनीत एक बदल चांगला माहीत आहे. स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं रोगाच्या एका प्रथिनाला चिकटून त्याची ऊर्जा तोडतात. त्या प्रथिनातल्या १४३ व्या जागी ग्लायसिन हा घटक असतो. डीएनएतली त्याची तीन अक्षरं जीजीटी बदलून जीसीटी झाली की ग्लायसिनच्या जागी अॅलॅनिन बसतं, आणि औषधाला चिकटायला जागाच उरत नाही. अक्षर बदललं एकच. ते आधी एखाद्या-दुसऱ्यात असणार. तुम्ही फवारलंत, बाकीचे मेले, हे उरले आणि यांचीच पिल्लावळ बागभर झाली. "रोगानं रूप बदललं" असं म्हणू नका, रोगाला काही ठरवता येत नाही. न मरणारे तुम्ही निवडलेत. म्हणून एकाच गटातलं औषध पाठोपाठ मारायचं नाही, कंपनी बदलली तरी गट तोच असू शकतो, डब्यावर वाचा.

पण दादा (दिंडोरीवाले), मुलीला सांगताना हे दोन पुरावे वेगळे ठेवा. डाऊनीवरून बदल होतो हे कळतं. माणूस-चिंपांझीचं नातं त्यावरून ठरत नाही, त्याला ती सामायिक खोटच हवी. परीक्षेत दोन्हींची खिचडी केली तर एखादा कडक तपासनीस अर्धा गुण कापेल.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

मेव्हण्यांचं उत्तर आलंय, जसंच्या तसं टाकतो. "गळतीचं बरोबर आहे. मी काम केलेल्या दोन इमारतींत तिसऱ्या मजल्यावर, त्याच बाथरूमच्या त्याच कोपऱ्यात गळती निघाली होती. नंतर कळलं, दुसरीचा नकाशा पहिलीवरून उतरवला होता, उताराच्या चुकीसकट. पोरीला सांग, मामा दिवाळीला माफी मागायला येतोय. नकाशा कुणी उतरवला ते मात्र विचारू नको."

मास्तर, तुमचं "गोपळ" पोरीनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. फिटरभाऊ, एका ओळीचे आभार.

आता ती विचारतेय, थॉमसनला बी का नसते. ताई, हे पण बिघाडातच येतं का?

---

जेलवाली

तेही एका अक्षराचंच काम आहे, दादा. आधी छाटणी उरका, मग नवा धागा काढा.